खात्रीचा माणूस

माझ्या नवऱ्याचं एकही मत खरं नव्हतं आणि त्यामुळेच आमचा संसार सुखाचा चालला होता. आता हे लिहायला सोपं जातंय. तेव्हा कुणी तोंडावर असं म्हणालं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

यशोधन शिंगटे. पाटी राजकीय विश्लेषकाची, पण ओळख भांडणांची. सकाळी समाजमाध्यमावर कुणाला तरी उचकवायचं, दुपारपर्यंत त्याची सालं काढायची आणि संध्याकाळी वाहिनीवर जाऊन तेच पुन्हा, जरा मोठ्या आवाजात. विषय एकच, किनाऱ्यावरचे लोक. समुद्र दुसऱ्यांदा चढला, देवगड-मालवणकडची गावं रिकामी झाली आणि माणसं घाट चढून कोल्हापुरात आली. शाळेत जागा पुरेना, दवाखान्यात खाटा पुरेनात, भाडी भडकली. लोकांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. कुणावर काढायचा ते यशोधनने सांगितलं. 'खारवट पाहुणे' हा त्याचा शब्द. चार वर्षांत तो भाजीवालीपासून आमदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसला.

तो शब्द मुळात माझा, मीच त्याला दिलेला. मी देवगडची, माहेरची कोयंडे.

हसू नका. रोज सकाळी नऊ वाजता जेवणाच्या टेबलावर आमचं दुकान उघडायचं. तो लिहायचा, मी शुद्धलेखन बघायची आणि त्याला लागेल तो माल पुरवायची. आमचे लोक दुसऱ्याच्या दारात मासळीचं पाणी कसं ओततात, भाडं कमी करून घेताना कसा गळा काढतात, लग्नात जेवण कमी पडलं की काय बोलतात. घाटावरच्या माणसाला हे बारकावे कुठून सुचणार? त्याचं लिखाण झोंबायचं ते माझ्यामुळे, आणि मला त्याचा अभिमान होता. हो, अभिमानच.

माझे वडील त्याच टेबलाशी बसून चहात खारी बुडवत हे ऐकायचे. दिगंबर कोयंडे, एके काळी स्वतःच्या ट्रॉलरचे तांडेल. घर समुद्राने नेलं, आई त्याआधीच गेली होती, म्हणून आमच्या मागच्या खोलीत राहायला आलेले. वय अठ्ठ्याहत्तर.

"जावयबापू, आज आमचा काय काढलास?" ते विचारायचे.

"आज तुम्ही लोक पाणी चोरता, बाबा."

"चोरतंव तर! समुद्राचा एवढा पाणी आमीच चोरून हाडलाव!" आणि दोघं खो खो हसायचे.

दुपारी आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळायचो. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार वेळा थेंब घालायला यशोधन वाहिनीवरून घरी पळत यायचा. माझ्या हातचे थेंब गालावर पडतात म्हणून बाबांना तोच लागायचा. असा माणूस मनातून किनारेवाल्यांचा द्वेष करील, हे आमच्या डोक्यातही येत नव्हतं. ते त्याचं काम होतं. कसायाच्या घरी मांजर पाळलेलं असतंच ना, तसं.

मग कानपट्टी आली.

मी एका खासगी रुग्णालयात मेंदूचे आलेख काढते, बावीस वर्षं काढते आहे, म्हणून हे जरा नीट सांगते. तुम्ही एखादं वाक्य उच्चारता तेव्हा मेंदू ते स्वतःपाशी आधीपासून असलेल्या समजुतींशी ताडून पाहतो. जुळलं तर लहर सरळ पुढे जाते. जुळलं नाही तर सेकंदाचा अर्धा भाग उलटायच्या आत आलेखावर एक खाच पडते. ही खाच दाबता येत नाही, कारण ती आपल्याला जाणवायच्या आधी पडून गेलेली असते. खोटं पकडणारी जुनी यंत्रं घाम आणि नाडी मोजायची. ती खरं तर भीतीच मोजायची, म्हणून निर्ढावलेला माणूस सुटायचा. कानामागे चिकटवायची ही नवी पट्टी खाच मोजते आणि शंभरातला आकडा सांगते. वाक्य खरं की खोटं हे तिला कळत नाही. पृथ्वी सपाट आहे असं मनापासून मानणाऱ्याला पंच्याण्णव मिळतात. बोलणाऱ्याला स्वतःला ते पटलंय का, एवढंच ती सांगते.

लोकांनी तिला लगेच कानपट्टी म्हणायला सुरुवात केली. वर्षभरात कायदाही आला. राजकीय मत जाहीर करायचं तर पट्टी लावून मोठ्याने वाचायचं आणि शेजारी आपला खात्रीअंक दाखवायचा.

पहिल्या दिवशी यशोधनने त्याचं ठेवणीतलं वाक्य वाचलं, 'खारवट पाहुण्यांनी कोल्हापूर पोखरलं आहे.' शेजारी आकडा उमटला, अकरा.

दुपारपर्यंत तो चेष्टेचा विषय झाला होता. इचलकरंजीच्या कुणा पोरीने लिहिलं, 'शिंगटेसाहेब, तुमचंच तुम्हाला पटत नाही, मग आम्हाला कशाला पटवताय?' तिचा स्वतःचा आकडा त्र्याण्णव होता. बाकीच्या विश्लेषकांचेही पंधरा-सतराच आले, पण ते लहान मासे होते. वाहिनीने बोलावणं थांबवलं. रस्त्यात माणसं त्याला पाहून अकरा बोटं दाखवायची. अकराव्या बोटासाठी शेजाऱ्याचा हात उसना घ्यायची.

मी म्हटलं, "मग खरं वाटतं ते लिही ना."

त्याने तेही केलं. पट्टी लावून वाचलं, 'किनाऱ्यावरची माणसं आपलीच माणसं आहेत.' आकडा आला एकेचाळीस. म्हणजे हेही त्याला धड पटत नव्हतं. वीस वर्षं जे विकलं जाईल ते बोलून बोलून त्याच्यात पटण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. ते वाक्य त्याने प्रसिद्ध केलं नाही. त्यानंतर तीन आठवडे तो कुणाशीच भांडला नाही, चुकीची पिशवी देणाऱ्या दूधवाल्याशीसुद्धा नाही. गॅलरीत बसून राहायचा. मला ते बघवेना.

दृढीकरणाचं मी सुचवलं. मीच.

आमच्याच रुग्णालयात डॉक्टर नेर्लेकर नावाच्या बाई ते करत. मुळात ते व्यसनी लोकांसाठी होतं. 'मला दारू नको' असं म्हणणाऱ्याला ते आतून पटावं म्हणून. कुठलीही समजूत आपण मनात वर काढली की ती काही तास मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. त्या मऊपणाच्या वेळात औषध देऊन आणि डोक्याबाहेरून सौम्य चुंबकीय झटके देऊन ती हवी तेवढी घट्ट करता येते. सात बैठका, चारशे वाक्यं.

"आठवणींना धक्का लागत नाही," नेर्लेकरबाई म्हणाल्या. "फक्त पटणं वाढतं."

"घरच्यांबद्दल काही?"

"घरच्यांबद्दलची वाक्यं यादीत आहेत का? नाहीत ना? मग झालं तर."

यादी मी केली. त्याच्या जुन्या लिखाणातून चारशे वाक्यं निवडली, टाईप केली, तीनदा तपासली. त्यात ना माझं नाव होतं, ना बाबांचं. सगळीकडे 'ते लोक' होतं. ते लोक म्हणजे आम्हीच, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. बाबा तर म्हणाले, "होव दे गो. भांडल्याशिवाय तेका जेवण जायचा नाय." संमतीपत्रावर पत्नी म्हणून सही माझी.

सातव्या बैठकीनंतर त्याचा आकडा शहाण्णव आला. तोच चेहरा, तीच वाक्यं, पण आता ऐकताना अंगावर काटा यायचा. आठवड्याभरात लोक परत आले, दुपटीने आले. त्याच्या पोस्टखाली माणसं लिहायची, 'महाराष्ट्रात एकच माणूस खात्रीचा.' शहाण्णव आला त्या रात्री मी श्रीखंड केलं होतं आणि बाबांनी त्याला स्वतःच्या वाटणीची वाटीही दिली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी पत्ते मांडले. दुसऱ्या डावात यशोधनने हातातली पानं खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही हुकूम लपवता. नेहमीच लपवता. तुमच्या लोकांत ते असतंच."

बाबा टाळी वाजवून हसले. "बरोबर वळाखलास रे, जावयबापू!"

मीही हसले. यशोधन आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. आम्ही कशाला हसतोय ते त्याला खरंच कळत नव्हतं.

"मी विनोद केला नाही," तो म्हणाला.

त्यानंतर तो कधी ओरडला नाही, वाईट वागला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाबांशी अनोळखी माणसाशी बोलावं तसं जपून बोलायचा, त्यांच्याकडची घराची किल्ली परत मागायचा, न्हाणीघरातलं पाणी मोजून सोडायचा. एकदा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "शलाका, तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तू पंचवीस वर्षं इथे आहेस. तू सुधारलीस."

मी हातातलं उलथनं त्याच्या अंगावर भिरकावलं. ते लागलं नाही. त्याने वाकून उचललं, धुतलं आणि जागेवर ठेवलं.

त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसले. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा तो देवगडला आला होता. जेट्टीवरून पाय घसरून पाण्यात पडला, पोहता येत नव्हतं, आणि बाबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून त्याला काढलं. मी विचारलं, "आठवतं?"

"सगळं आठवतं. नाकातोंडात पाणी गेलं होतं. त्यांनी मला केसांना धरून ओढलं. वर आल्यावर स्वतःचा सदरा काढून दिला, त्याला डिझेलचा वास येत होता."

"मग?"

"मग काय? एक माणूस एकदा चांगलं वागला म्हणून त्या लोकांचा स्वभाव बदलतो का?"

हे वाक्य यादीत होतं. दोनशे सतरावं. माझ्या बोटांनी टाईप केलेलं.

मी नेर्लेकरबाईंकडे धावले. उलटं करता येतं, त्या म्हणाल्या, त्याच पद्धतीने. पण रुग्णाने पट्टी लावून 'मला पूर्ववत व्हायचं आहे' असं म्हणावं लागतं आणि आकडा पन्नासच्या वर लागतो. मी घरी येऊन हातापाया पडले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पूर्वीचा मी खोटारडा होतो, शलाका. उभं आयुष्य माझ्या ओठात एक आणि पोटात भलतंच होतं. आत्ता पहिल्यांदा मला रात्री शांत झोप लागते. त्या माणसाकडे परत कशाला जाऊ?"

"तो खोटारडा होता, पण बरा होता."

"तुझ्यासाठी," तो म्हणाला.

पुढचं त्याने केलं ते चोरून नाही, उघड, शहाण्णवच्या आकड्यानिशी केलं. किनाऱ्यावरून वर आलेल्या माणसाला शहरात राहायचं तर इथल्या मूळच्या रहिवाशाची हमी लागायची. ती पूर्वी नुसत्या सहीवर मिळायची आणि लोक सह्या विकायचे. यशोधनने मोहीम उघडली, 'तोंडदेखली हमी नको, खात्रीची हमी हवी.' हमी देणाऱ्याने पट्टी लावून बोलावं. साठच्या खाली आकडा आला तर पाहुण्याने पूर्वेच्या माळावरच्या वसाहतीत जावं. दोन महिन्यांत नियम झाला, आधीपासून राहणाऱ्यांनाही लागू. लग्न करून आलेल्या बायकांना त्यातून सूट होती. वडिलांना नव्हती. माझी हमी चालणार नव्हती, कारण माझा जन्म किनाऱ्यावरचा.

"तू बाबांची हमी देशील?" मी विचारलं.

"बोलेन ना. मी काही राक्षस नाही. त्यांचं वाईट व्हावं असं मला कुठे वाटतं?"

आणि तो खरंच आला. कार्यालयाच्या पायऱ्या चढताना त्याने बाबांचा दंडही धरला. आत मगदूम नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर.

"बसा की काका," त्या बाबांना म्हणाल्या. "घाबरू नका. तीनदा बोलता येतंय, तिन्हीत जो जास्त आकडा, त्यो धरतो आम्ही."

यशोधनने पट्टी लावली. स्पष्ट, भाषणाच्या आवाजात म्हणाला, "माझ्या सासऱ्यांनी माझ्या घरी राहावं अशी माझी इच्छा आहे."

चार.

त्याने घसा खाकरला, पाणी प्याला, डोळे मिटले. पुन्हा बोलला. तीन. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती, इतका जोर लावला त्याने. तीन.

"मी प्रयत्न केला," तो माझ्याकडे वळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, आता त्याचं सगळंच खरं असायचं.

मगदूमबाईंनी कागद पुढे ओढला. "सोबती कोण जाणार हाय का काकांबरोबर? सोबती आसंल तर वेगळी खोली मिळते. नसंल तर मोठ्या हॉलात, चाळीस खाटा हायत तिथं. या वयात हॉल म्हणजे..." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"मी जाणार," मी म्हटलं.

मी हे आधीच ठरवलं होतं. त्या माणसाबरोबर एक दिवसही काढायचा नाही, बॅग भरायची, बाबांबरोबर निघायचं. आठवडाभर मनात हेच घोळत होतं आणि ते म्हणताना मला फार बरं वाटत होतं.

"पट्टी लावावी लागंल, ताई. लोक सोबती म्हणून नाव लिवायचे आन् चार दिवसांत म्हाताऱ्याला टाकून पळून यायचे. साठच्या वर पायजे."

मी पट्टी स्वतःच लावली. शेकडो लोकांना लावली होती, हात सवयीचा. बाबांकडे बघून म्हणाले, "मला माझ्या वडिलांबरोबर वसाहतीत जाऊन राहायचं आहे."

आकडा आला बावीस.

मला वाटलं पट्टी सैल बसलीय. काढली, कानामागची त्वचा पुसली, पुन्हा दाबून बसवली. यंत्रात दोष नव्हता, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत होतं? खाच कशाची पडते आहे तेही मला दिसत होतं. पत्र्याच्या छपरांची रांग, टँकरपाशी भांडणाऱ्या बायका आणि त्यांची ती बोली, जी मी इथे आल्यावर वर्षभरात सोडली होती. त्या बायकांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. यशोधनच्या चारशे वाक्यांपैकी किती मला न झटके देताच पटलेली होती, कोण जाणे. मी पुन्हा बोलले. रडत बोलले. एकोणीस.

मगदूमबाईंनी पडदा हळूच स्वतःकडे वळवला, पण बाबांचे डोळे ऑपरेशननंतर चांगले झाले होते. त्यांनी दोन्ही आकडे वाचले होते.

यशोधन माझ्याकडे बघत होता. उपचारांनंतर पहिल्यांदाच त्याची नजर अनोळखी नव्हती. एकमेकांना ओळखणारी माणसं बघतात तसा तो बघत होता.

बाबा उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असांदे गो, शलू. बावीस म्हणजे काय कमी नाय. तेवढ्यात माझा भागता."

"ताई," मगदूमबाई म्हणाल्या, "आजून एकदा बोलता येतंय."

मी पट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.